जास्वंदीवरचे पांढरे किडे आणि माझी खात्री

पाचोळा

घरात सांगायला गेलो तर "मी म्हटलंच होतं" ऐकावं लागेल, म्हणून इथे लिहितोय.

पुण्यात तिसऱ्या मजल्यावर गॅलरी, सकाळचं ऊन साधारण अकरापर्यंत. कुंड्या चौदा. त्यात एक लाल जास्वंद, पाच पाकळ्यांची, गावठी. गेल्या पावसाळ्याच्या शेवटाला तिच्या शेंड्यांवर पांढरं दिसायला लागलं. आपण गॅलरीवाले सगळ्याच किडीला मावा म्हणतो, तसं मीही म्हटलं. मावा नव्हता, पिठ्या ढेकूण होता. शेतकरी सरळ मिलीबगच म्हणतात. कापसाचे कण चिकटावेत तसा, कळीच्या देठाशी आणि पानांच्या बेचक्यात.

मी शिस्तीचा माणूस. निंबोळी तेल, त्यात भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब (नाहीतर किड्यांच्या अंगावरच्या मेणावरून पाणी नुसतं ओघळून जातं), दर चौथ्या दिवशी फवारणी. शिवाय रोज चहाच्या आधी जुना टूथब्रश घेऊन खरवडणं. आठवडाभरात माझी एक पद्धत बसली: आधी मोठे टिपायचे. बाकीचे तीनेक मिलिमीटरचे, पण मधूनच एखादा सेंटिमीटरभर लांब, अंगभर पांढऱ्या झिंज्या सुटलेला. हे म्हातारे, अंडी यांचीच, हे गेले की वंश खुंटला, असा माझा हिशेब. त्यासाठी बायकोचा भुवया कोरायचा चिमटा पळवला होता. एका रविवारी सतरा टिपले, पाण्याच्या डबीत टाकले आणि आल्यागेल्याला दाखवले.

कीड कमी होईना. उलट वाढली.

दिवाळीत भाचा आला. कृषी पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्या सकाळी मी नुकतेच दोन पकडले होते. त्याने डबी उन्हात धरली, मोबाइलवर भिंग लावलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मामा, हे मिलीबग नाहीत. हे मिलीबग खाणारे आहेत."

मी त्यालाच वेड्यात काढलं. मग त्याने एक किडा कागदावर सोडला. तो भराभर चालत कडेला गेला. "मिलीबग असा पळताना बघितलाय का कधी?" नव्हता बघितला. मोठे पळतात, चिमट्यातून निसटतात, बारके जागचे हलत नाहीत, हे मी दोन महिने रोज बघत होतो. फरक दिसत होता. पण मी त्याचाही अर्थ लावून मोकळा झालो होतो: मोठे आहेत, ताकद जास्त असणार.

तर ही क्रिप्टोलीमस नावाच्या ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची, अळी. (किंवा त्याच्या जवळच्या स्किम्नसची, त्यांच्याही अळ्या अशाच पांढऱ्या. नुसत्या नजरेने खात्रीने सांगत नाही, असं भाचा म्हणाला. विसाव्या वर्षी 'खात्रीने सांगत नाही' म्हणायला जमतं, याचा मला थोडा हेवा वाटला.) मूळ ऑस्ट्रेलियाचा, १८९८ साली कॉफीवरच्या खवल्याकिडीसाठी मुद्दाम भारतात आणलेला, मग इथलाच झाला. द्राक्षवाले आजही विकत आणून बागेत सोडतात. माझ्याकडे फुकट आला होता.

त्या झिंज्या म्हणजे सोंग. मिलीबगच्या अंगातून गोड चिकटा सुटतो, तो खायला मुंग्या येतात आणि बदल्यात त्याची राखण करतात. मिलीबगपैकीच एक वाटला की मुंग्या फारसं छेडत नाहीत, म्हणून अळीचा हा वेष. फसवायचं होतं मुंग्यांना, फसलो मी.

तेव्हापासून मला प्रत्येक कुंडीपाशी संशय येतो. मी इथे आणखी काय काय 'माहीत आहे' म्हणून करतोय? तुमची अशी कुठली पक्की समजूत झाडांनी मोडली? नुसत्या टिपा नकोत, मोडली कशी तेही सांगा.

---

बटाटेभात

पहिला!

सतरा राखणदारांना श्रद्धांजली. वाचनखूण साठवली आहे.

---

निशिगंधा

मस्त धागा. अवांतर आहे पण जास्वंदीवरून विचारते. माझ्या जास्वंदीच्या कळ्या गळतात. चांगल्या टपोऱ्या होतात, उद्या उमलणार असं वाटतं, आणि सकाळी बघावं तर नाहीत. दोन महिने हेच चाललंय. काय घालू?

---

गच्चीकर

@निशिगंधा, पाणी अनियमित होत असेल. किंवा पोटॅश कमी.

आता माझी मोडलेली समजूत. कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे किंवा खडी घातली की पाण्याचा निचरा चांगला होतो. वीस वर्षं घालतोय. मला शिकवणाऱ्यानेही घातली, मी शिकवलं त्यांनीही घातली.

मागच्या पावसात गच्चीवरचं लिंबू पिवळं पडलं. उपटून पाहिलं तर वरची माती ठीक, आणि खडीच्या बरोब्बर वर चार बोटं काळा चिखल. मुळांना कुजका वास. खडी मात्र खडखडीत कोरडी! पाणी खडीत उतरलंच नव्हतं, मातीतच अडून बसलं होतं.

याचा खुलासा स्वयंपाकघरात होतो, करून बघा. भांडी घासायचा जाड नवा स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा. आडवा, तळहातावर ठेवल्यासारखा धरा. ठिबकू द्या. ठिबकणं थांबलं की तोच स्पंज न दाबता लांब कडेवर उभा करा. पुन्हा धार लागते! ती थांबली की आणखी उंच, आखूड कडेवर धरा. पुन्हा थोडं पडतं. म्हणजे खालचा ठरावीक उंचीचा थर पाणी धरूनच ठेवतो. आता हा ओला स्पंज खडीवर ठेवा. काही होत नाही. कोरड्या बारीक मातीवर ठेवा, माती पाणी ओढून घेते.

बारीक छिद्रांतलं पाणी मोठ्या पोकळीत सहजी उतरत नाही, वरचा थर तुडुंब झाल्याशिवाय तर नाहीच. म्हणजे कुंडीत खडी घातली की तो चिखलाचा थर जात नाही, फक्त चार बोटं वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. आणि मातीची जागा कमी होते ती वेगळीच.

---

दादरकर

गच्चीकर, तुमचा स्पंज तुम्हाला लखलाभ. आमच्या चाळीच्या गॅलरीत माझ्या आईने डालड्याच्या डब्यांत खापऱ्या घालून चाळीस वर्षं मोगरा, गवती चहा, ओवा लावला. झाडं मेली नाहीत. आता स्पंज पिळून आम्ही आईला खोटं पाडायचं?

(दिवे घ्या, गमतीत म्हणतोय.)

---

गच्चीकर

दिवे घेतले. पण काका, एक विचारू? आई डब्याला भोकं पाडून त्यावर एकच खापरी पालथी घालायच्या की थर द्यायच्या?

---

दादरकर

एकच. प्रत्येक भोकावर एक. माती वाहून जाऊन खालच्या बिऱ्हाडाच्या वाळवणावर पडू नये म्हणून. त्यावरून एकदा मोठं भांडण झालेलं आहे.

हं. म्हणजे ते निचऱ्यासाठी नव्हतंच.

---

बटाटेभात

चाळीतलं भांडण → बागकामाचा नियम. असे आणखी किती नियम असतील!

@निशिगंधा, कळ्यांवर बोरॉनची फवारणी करून बघा. आमच्याकडे फरक पडला.

---

माजघर

बरेच दिवसांनी लिहितेय. लिहू की नको असं झालं होतं.

आमच्या घरी पाळी आली की मुलींनी तुळशीकडे फिरकायचं नाही. सावली पडली तरी तुळस जळते, अशी आजीची ठाम समजूत. अंगणात वृंदावन, नगर जिल्ह्यातलं गाव, १९८४-८५ ची गोष्ट. आणि खरंच, आमच्या घरातली तुळस दरवर्षी जळायचीच. साधारण पौषात. मग शोध सुरू व्हायचा. कोण शिवलं? आम्ही चुलत-सख्ख्या पाच बहिणी. कुणाचे ना कुणाचे 'ते दिवस' त्या आसपास असणारच, त्यामुळे गुन्हेगार दरवर्षी सापडायचा. एके वर्षी मी होते. रडले होते.

पुढच्या वर्षी मी तेरा-चौदा वर्षांची. नुसत्या रागाने ठरवलं, की मुद्दामच शिवायचं. दर महिन्याला त्या चार दिवसांत मी पहाटे उठून तुळशीला तांब्याभर पाणी घालायचे, पानांना हात लावायचे. आषाढ, श्रावण, भाद्रपद. तुळस इतकी माजली की आजी शेजारणींना दाखवायची. कार्तिकात तिचं थाटात लग्न लागलं. आणि पौषात ती वाळली.

त्या पौषात मी तुळशीजवळ गेलेच नव्हते, आजोळी होते. म्हणजे मी शिवत होते तेव्हा फुलली, आणि नव्हते तेव्हा गेली. तेव्हा मला वाटलं, जिंकले. कुणाला सांगितलं मात्र नाही.

खरं कारण बऱ्याच वर्षांनी कळलं, तेही स्वतःची तुळस दोनदा घालवल्यावर. लग्नासाठी म्हणून मंजिऱ्या कुणी खुडत नव्हतं. मंजिरी पिकली, बी धरलं की तुळशीचा जीव उतरणीला लागतो, त्यात नगरची थंडी आणि कोरडी हवा. आता मी मंजिऱ्या हिरव्या असतानाच खुडते, थंडीत कुंडी भिंतीच्या आडोशाला घेते. चौथं वर्ष चालू आहे त्याच झाडाचं.

आजीचं निरीक्षण खोटं नव्हतं, तुळस दरवर्षी जळत होतीच. ती आजूबाजूला कारण शोधत होती आणि तिच्या हाताशी आम्ही होतो.

---

दादरकर

माजघर, तुमच्या प्रतिसादावर काय लिहावं कळेना. आमच्या घरीही हे होतं. मी मुलगा असल्याने मला कधी प्रश्नच पडला नाही.

---

सदाफुली७२

+१ माजघर.

आमच्याकडे 'वांझ' हा शब्द होता. दुधीचा वेल मांडवभर गेला, फुलं ढीगभर, फळ एक नाही. सासूबाई म्हणाल्या, वांझ आहे, उपटून टाक. माझ्या लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती. शब्द कुणाला उद्देशून होता ते मांडवाखालच्या सगळ्यांना कळलं.

उपटला नाही. हट्टाने बघत बसले. दुधीला आधी येतात ती सगळी नरफुलं, लांब दांडीवर. मादीफुलं उशिरा, त्यांच्या मागे बोटाएवढा बारका दुधी आधीच असतो. ती आली, पण पिवळी पडून गळायला लागली. मग लक्षात आलं की दुधी उमलतो संध्याकाळी, दिवसा बागडणाऱ्या मधमाश्या त्याच्या काय कामाच्या? पतंग येतात, पण आमच्या गच्चीवर दोन्ही बाजूंना हॅलोजन. येत असतील, नसतील. मी सात वाजता नरफूल तोडून, पाकळ्या मागे दुमडून मादीफुलावर टेकवायला सुरुवात केली. त्या वर्षी एकवीस दुधी निघाले. दोडक्याचंही तसंच, संध्याकाळी उमलतो. घोसाळं मात्र सकाळी. भाऊबंद असून वेळापत्रक वेगळं.

पुढचं खासगी आहे, ते राहू दे.

---

खुरपं

शहरातल्या मंडळींनो, रामराम. वरुडकडचा आहे, संत्र्याचा बगीचा. तुम्ही कुंडीत चौदा झाडं लावून एवढा विचार करता हे बघून बरं वाटलं.

तुमच्या सगळ्यांच्या मुळाशी एक समजूत दिसते, की झाडाला द्यायचं असतं. पाणी द्या, खत द्या, बोरॉन द्या. आमच्याकडं संत्रं फुलवायचं तर पहिलं काम म्हणजे देणं बंद करायचं. त्याला ताण देणं म्हणतात. आंबिया बहार धरायचा तर डिसेंबरात पाणी तोडायचं. पानं मलूल होतात, काही गळतात. नवा माणूस बघून म्हणेल, भाऊ, बगीचा मेला. जानेवारीत खत टाकून आधी हलकं पाणी, मग नेहमीचं. की झाड फुलानं पांढरं. मृग बहाराचं तसंच, तिथं उन्हाळ्यात ताण आणि पावसानं तो तुटतो. पाणी सतत चालू ठेवलं तर झाड हिरवंगार राहतं, पालवी फेकत राहतं, फुलाचं नाव नाही.

हे झालं तुम्हाला सांगायचं. आता माझी चूक. बाबा होते तोवर ताण तेच ठरवायचे. मी शिकलेला, मी डायरी ठेवली. बाबांच्या तारखा लिहून काढल्या, सरासरी निघाली पंचेचाळीस दिवस. ते गेल्यावर पहिल्या वर्षी सगळ्या बगीच्याला मोजून पंचेचाळीस दिवस दिले. विहिरीकडची झाडं छान फुलली. नाल्याकडच्या साठ झाडांच्या फांद्या शेंड्याकडून वाळल्या, काही आजही सावरलेली नाहीत.

नाल्याकडं जमीन हलकी, मुरमाड. तिथं महिन्याभरातच ताण बसतो. भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने लागतात. बाबा दिवस मोजतच नव्हते. दुपारी झाडाखाली जायचे, पान हातात चुरायचे, मला वाटायचं सवय आहे. त्यांच्या तारखा मी लिहून घेतल्या, ते बघत काय होते ते विचारलंच नाही.

---

पाचोळा

खुरपंभाऊ, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. गॅलरीतल्या मोगऱ्याला मी रोज पाणी घालतो आणि पानंच येतात, फुलं नाहीत. या थंडीत हात आखडता घेऊन बघतो.

---

खुरपं

बघा, पण कुंडी म्हणजे नाल्याकडच्या जमिनीहूनही हलकी. दोन दिवसांत मरेल. दिवस मोजू नका.

---

अटलांटिकपार

न्यू जर्सीतून. इथल्या मराठी घरात कढीपत्त्याची कुंडी म्हणजे दागिना असतो, लोक रोपं एकमेकांकडे सांभाळायला देऊन भारतात जातात. ऑक्टोबरात थंडी पडायच्या आत कुंडी घरात घ्यायची. डिसेंबरात पानं पिवळी होऊन गळायला लागली. मी म्हटलं हीटरने हवा कोरडी झालीय, तहानलं असेल. पाणी वाढवलं. अजून गळाली. अजून पाणी. फेब्रुवारीत खोड बोटाने दाबलं तर मऊ.

पाणी जास्त झालं तरी झाड मलूलच दिसतं आणि कमी झालं तरी मलूलच. चिखलात मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि कुजकी मुळं पाणी शोषू शकत नाहीत. म्हणजे पाण्यात उभं राहून तहानेने मरतं. आणि आपण आणखी ओततो.

दुसरं रोप आणलं. तेही हिवाळ्यात जवळजवळ बोडकं झालं. या वेळी कुंडी खिडकीत सरकवली आणि मातीत बोट खुपसून कोरडं लागलं तरच पाणी, म्हणजे पंधरा-पंधरा दिवसांनी. एप्रिलमध्ये काठीला हिरवे डोळे फुटले. ते झोपलं होतं. प्रकाश कमी, ऊब कमी, त्याने दुकान बंद ठेवलं होतं इतकंच.

---

दादरकर

कढीपत्त्याला आंबट ताक घाला. पंधरा दिवसांत फुटवे येतात. हे मात्र स्वानुभवाने सांगतो, आईचं नाही.

---

सावकाश चाल

दादरकर, ताक घातलंत तेव्हा छाटणीही केली होती का?

---

दादरकर

अर्थात. शेंडे खुडायचे आणि मग ताक.

---

सावकाश चाल

आणि महिना?

---

दादरकर

साधारण होळीनंतर. कळलं तुम्ही कुठे नेताय ते.

---

सावकाश चाल

नेतोय खरा, पण मी स्वतःही तिथेच अडकलो होतो. शेंडा खुडला, ऊन तापायला लागलं, ताक घातलं. फुटवा आला की श्रेय ताकाला, कारण ताक घालताना वास येतो आणि लक्षात राहतं.

मी चार रोपं घेतली, एकाच दिवशी, एकाच उंचीची. दोघांना ताक, दोघांना तेवढंच साधं पाणी. आणि कुठल्या दोघांना ताक ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. नाहीतर हात आपोआप तरतरीत रोपाकडे जातो. चिठ्ठ्यांची ही युक्ती शेतातूनच आलीय. इंग्लंडात रॉथमस्टेडला १८४३ पासून खतांचे प्रयोग चालू होते, तिथे १९१९ मध्ये रोनाल्ड फिशर नावाचा गणिती आला आणि कुठल्या वाफ्याला काय द्यायचं ते नशिबावर सोडा, असा आग्रह त्याने धरला. आपल्याकडे कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकरही मूळचे गणिताचेच. त्यांच्या प्रयोग परिवाराचा भर हाच, की शेतकऱ्याने स्वतःच्या रानात स्वतः करून बघावं.

निकाल: सहाव्या आठवड्यात मांजराने दोन कुंड्या पाडल्या. तोवर मला तरी फरक दिसला नव्हता, पण चार रोपांवर काही ठरत नाही. म्हणजे ताक निरुपयोगी आहे असंही मी म्हणणार नाही.

पण मला या धाग्याबद्दल एक शंका आहे. सगळे लिहितायत की समजूत मोडली आणि खरं कारण कळलं. ते 'खरं कारण' कशावरून? १६४८ साली छापलेला एक प्रयोग आहे, व्हॅन हेल्मोंट नावाच्या बेल्जियममधल्या वैद्याचा. झाड माती खाऊन वाढतं, असं तेव्हा सगळे धरून चालत. याने भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती कुंडीत घातली, ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं, धूळ पडू नये म्हणून भोकं पाडलेलं पत्र्याचं झाकण बसवलं, आणि ५ वर्षं फक्त पाणी घातलं. झाड झालं १६९ पौंडांचं. माती पुन्हा वाळवून तोलली, तर जेमतेम २ औंस कमी.

केवढी मोठी समजूत मोडली बघा. आणि त्याने निष्कर्ष काय काढला? झाड संपूर्ण पाण्याचं बनतं. कारण पाण्याशिवाय त्याने दुसरं काही घातलं नव्हतं. गंमत म्हणजे 'गॅस' हा शब्द याच माणसाने बनवला. कोळसा जळताना जो वायू निघतो त्यावर त्याने पानंच्या पानं लिहिली. तोच वायू त्याचं झाड पाच वर्षं पानांनी ओढून घेत होतं, झाकणाच्या वर, त्याच्या डोळ्यांसमोर. एक खोटी समजूत मोडायला पाच वर्षं घालवणारा माणूस, आणि दुसरीकडे बघायचं त्याला सुचलंच नाही.

म्हणून गच्चीकर, लिंबू खडीनेच गेलं कशावरून? माती जड होती म्हणून गेलं नसेल?

---

गच्चीकर

असेल. काळी माती होती निम्म्याहून जास्त. आता तुम्ही म्हटल्यावर झोप गेली. दोन सारख्या कुंड्या भरतो, एकीत खडी. चिठ्ठी बायकोकडून काढून घेतो.

---

माजघर

सावकाश, शंका मान्य. माझी तुळस मंजिरीने टिकली की आडोशाने, मी सांगू शकत नाही, दोन्ही एकदम सुरू केलं. पण पाचजणींपैकी कुणी जाळली नव्हती, एवढं मी चिठ्ठ्या न टाकता सांगेन.

---

सावकाश चाल

तिथे माझं काही म्हणणं नाही.

---

निशिगंधा

पोटॅश घातलं. बोरॉन फवारलं. कुंडी उन्हात हलवली. पाणी सकाळ-संध्याकाळ बरोबर मापाने. तरी कळ्या गळतायतच. आता माती बदलावी का?

---

पाचोळा

आधी माझी खबर. पावसाळा संपला, मिलीबग परत आले. या वेळी टूथब्रश बंद, फवारणी बंद. फक्त मुंग्यांचा रस्ता तोडला. कुंडी पाण्याच्या परातीत विटेवर ठेवली आणि ग्रिलला टेकणारी फांदी कापली. (परातीतलं पाणी दर तीन दिवसांनी ओततो, नाहीतर डासांची सोय.) तीन आठवडे काहीच नाही. कीड वाढतेय आणि आपण हात बांधून बघतोय, हे फार अवघड जातं. रोज चिमट्याकडे हात जायचा. काल एका शेंड्यावर झिंज्यांवाले दोन दिसले. पळणारे. जिथे होते तिथली कळी बरीच साफ आहे. मुंग्या गेल्या म्हणून आले, की हवा बदलली म्हणून, सावकाश विचारतील, म्हणून आधीच सांगतो: माहीत नाही.

निशिगंधा, माती बदलायच्या आधी एक सांगा. गळलेल्या कळ्या कुंडीत पडलेल्या असतात की जमिनीवर? पिवळ्या पडून गळतात की हिरव्याच? एखादी चिरून बघा, आत अळी असू शकते.

---

निशिगंधा

खाली पडलेली कळी मी अजून एकही बघितली नाही. मला वाटलं वाऱ्याने जात असतील, आठवा मजला आहे.

---

खुरपं

ताई, आठव्या मजल्यावर देठासकट टपोरी कळी वारा नेत नाही. देठाचं टोक बघा. गळलं असेल तर गुळगुळीत सांधा दिसतो. चिंधी लोंबत असेल तर कुणीतरी तोडलंय.

---

निशिगंधा

सगळ्यांची माफी मागून लिहिते.

काल संध्याकाळी दिवा न लावता गॅलरीच्या दाराआड उभी राहिले. साडेसातला सासरे आले. फुललेली फुलं मी तोडू देत नाही, ती मी फोटोसाठी ठेवते, हे त्यांना माहीत होतं. म्हणून ते आदल्या संध्याकाळी 'नुसत्या' कळ्या काढायचे, ओल्या रुमालात गुंडाळून फ्रीजच्या दारात लोण्याच्या कप्प्यात ठेवायचे. सकाळपर्यंत त्या उमलतात. पहाटे मी उठायच्या आत गणपतीला. कळी तर तोडली, फूल थोडंच तोडलं, असं त्यांचं म्हणणं.

दोन महिने रोज सकाळी देवाला नमस्कार करताना मी ते लाल फूल बघत होते. बाबांनी फुलपुडीतून आणलं असेल म्हणून.

बोरॉनची बाटली जवळजवळ भरलेली आहे. पुण्यात कुणाला हवी असल्यास विचारपुशीत लिहा.